आई गात नाही

पहिल्या प्रयोगात ती शांतता चाळीस सेकंदांची होती. दुसऱ्या शहराने ती सव्वा मिनिटाची केली. तिसऱ्याने खालचा वाद्यवृंदही बंद करून टाकला, आणि बर्लिनहून आलेल्या एका दिग्दर्शकाने तर दिवे मालवून साडेचार मिनिटं प्रेक्षकांना स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकायला लावली. दर खेपेला वर्तमानपत्रांनी लिहिलं, की युद्धानंतरच्या जर्मन रंगभूमीवर एवढं धाडसी मौन दुसरं नाही. रोझविता केटलर ती सगळी कात्रणं वाचायची आणि कसनुसं तोंड करून कपाटात टाकायची. हे धाडसी मौन कसं जन्माला आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक नाही, अशी तिची एक्कावन्न वर्षं समजूत होती.

ऑपेराचं नाव ‘एप्रिलचे तीन दिवस’. युद्ध संपायला जेमतेम महिना उरला होता, तेव्हा फौजेतून पळून आईकडे आलेल्या एका अठरा वर्षांच्या पोराला त्याच्याच शेजाऱ्यांनी गावातल्या लिंडनच्या झाडाला लटकवलं, आणि तिसऱ्या दिवशी इंग्रजांचे रणगाडे गावात आले, एवढीच गोष्ट. हार्टमुट झायबोल्ट नावाच्या तरुण संगीतकाराने ती रचली आणि १९७१ साली ती पहिल्यांदा लागली ती वेझर नदीकाठच्या या शहरात. शहराच्या आसपास अशी गावं होती, अशी झाडं होती, आणि ज्यांनी दोर धरले होते त्यांच्याकडे नाट्यगृहाचे वर्षभराचे पास होते. मग व्हायचं ते झालं. पहिल्या अंकात शिट्ट्या, दुसऱ्यात दारं आपटणं, तिसऱ्यात आरडाओरडा. शेवटी आई झाडाखाली बसते, मुलाच्या पायांतले बूट काढते आणि समोर बघत राहते. छापील संहितेत तिथे तीन शब्द आहेत: आई गात नाही.

रोझविता प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या ऐन मध्यावर, पुढच्या कडेला, कमरेइतक्या खोल खड्ड्यात प्रॉम्प्टरची पेटी असते. पाठ प्रेक्षकांकडे, डोकं फळ्यांच्या वर, समोर वही. गाणाऱ्याने श्वास घेतला की त्याच्या निमिषभर आधी पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याला द्यायचा. तोही असा, की त्याला मिळावा आणि तिसऱ्या रांगेला कळू नये. चाळीस वर्षं तिने हे केलं. त्या पेशाची एक रीत होती, पेटीतलं पेटीत. कोण कुठे अडलं, कुणाला किती शब्द द्यावे लागले, हे प्रॉम्प्टर मरेपर्यंत बोलत नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. रोझविताला नवरा नव्हता, त्यामुळे तिला ते सोपं गेलं असं ती म्हणायची.

निवृत्तीला अकरा वर्षं झाल्यावर, एका मंगळवारी सकाळी नाट्यगृहातून फोन आला. ‘एप्रिलचे तीन दिवस’ पुन्हा लागणार होता, मूळ नाट्यगृहात, एक्कावन्न वर्षांनी. “केटलरबाई, जरा येता का? तुमच्या जुन्या वहीत एक गंमत सापडलीय.”

तालमीच्या खोलीत टेबलावर तिचीच वही होती. कडा कुरतडलेल्या, कोपऱ्यांवर तिच्या कॉफीचे डाग. टेबलाच्या एका बाजूला दिग्दर्शिका वीबके रालफ्स, वय चौतीस, केस कापलेले आणि बोलणं त्याहून आखूड. दुसऱ्या बाजूला वाद्यवृंदाचा संचालक त्यार्क, अंगाने ताडमाड पण आवाज लाजरा.

“शेवटच्या पानावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती,” तो म्हणाला. “मी किटलीची वाफ देऊन ती सोडवली. रागावू नका.”

“वही नाट्यगृहाची आहे. मी कोण रागावणार?” असं म्हणत रोझविताने चष्मा लावला.

पट्टीखाली आईचं गाणं होतं. सोळा आवर्तनांची छोटीशी अंगाई. *झोप, दार लावलंय मी. बूट तुझे बाहेर राहू देत. आता हाक मारणार नाही कुणी.* पहिल्या शब्दाभोवती तिनेच तेविसाव्या वर्षी निळ्या पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ होतं.

“मी पियानोवर वाजवून बघितलं,” त्यार्क म्हणाला. “झायबोल्टने आयुष्यात याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. आणि हे कुणी, कधीच, गायलेलं नाही!”

“कारण त्याने ते काढून टाकलं,” वीबके म्हणाली. “विचारपूर्वक. माझा अख्खा प्रयोग त्या मौनावर उभा आहे.”

“किती वेळ ठेवलंय मौन?” रोझविताने विचारलं.

“सहा मिनिटं.”

“सहा! बाई, तेवढ्यात लोक कोट घेऊन ट्राम पकडतील.”

त्यार्कने हसू दाबलं. वीबकेने दाबलं नाही. ती मोकळेपणी हसली, आणि मग गंभीर झाली. “हे बघा, प्रकाशक म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा. झायबोल्ट जाऊन चोवीस वर्षं झाली. पहिल्या प्रयोगाला आईचं काम करणाऱ्या गुड्रून ओलेनडॉर्फ यांच्या नाकासमोर तुम्ही पेटीत होतात. मला एवढंच सांगा. मौन त्यांनी ठरवलेलं होतं, की काही घडलं? ठरवलेलं असेल तर मौन राहील. घडलं असेल, तर गाणं. मी तुमच्या शब्दावर जाईन.”

रोझविता पट्टीवरच्या सुकलेल्या खळीकडे बघत राहिली. “पेटीतलं पेटीत,” ती पुटपुटली.

“एक्कावन्न वर्षांनीसुद्धा?”

“शुक्रवारपर्यंत वेळ द्या.”

ती ट्रामने घरी निघाली. खरं सांगायचं तर उत्तर एका वाक्याचं होतं. ते मौन कुणीही ठरवलेलं नव्हतं. ती तिची चूक होती.

त्या संध्याकाळी तिसऱ्या अंकात मागून आरोळ्या येतच होत्या. प्रॉम्प्टरने मागे वळून बघायचं नसतं, तिने बघितलंही नाही. गुड्रून ओलेनडॉर्फ, चौतीस वर्षांच्या, नुकत्याच नावारूपाला आलेल्या, मुलाचे बूट काढून त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाद्यवृंदाने अंगाईचा सूर धरला. गुड्रूनबाईंनी सवयीने पेटीकडे नजर टाकली. आणि नेमक्या त्या क्षणी मागून, तिसऱ्या रांगेतून, कुणीतरी उठून ओरडलं, “खोटं आहे हे! साफ खोटं!” तो आवाज रोझविताला रोज सकाळी न्याहारीला हाक मारायचा. तिच्या बापाचा होता.

तिकीट तिनेच दिलं होतं त्याला. पोरीचा पहिला हंगाम, बाप नवा सूट घालून आला होता. रोझविताने तोंडावर हात दाबला, आणि शब्द त्या हाताखालीच राहिला. ती रडत होती. गुड्रूनबाई तिच्याकडे बघत होत्या, वाट बघत होत्या, आणि वाद्यवृंद अंगाईची साथ वाजवत पुढे पुढे गेला, गाण्याविना. पडदा पडला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मौन डोक्यावर घेतलं, आणि झायबोल्टने स्वतः येऊन, काही न बोलता, तिच्या वहीतल्या त्या ओळींवर पट्टी चिकटवली.

घरी बापाने त्या संध्याकाळविषयी अवाक्षर काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो पुन्हा कधी नाट्यगृहात आला नाही, पण पुढची बारा वर्षं, मरेपर्यंत, प्रत्येक नव्या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगानंतर मागच्या दाराशी सायकल धरून उभा असायचा. तिची पिशवी हँडलला अडकवून तो शेजारून चालायचा. त्याच्यावर तिचं प्रेम होतं, आणि त्या एका ओरडण्यासाठी तिने त्याला कधी माफ केलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात बिनबोभाट नांदल्या.

आणि गुड्रूनबाई? त्या प्रसिद्ध झाल्या, पण कशासाठी? नाट्यगृहाच्या जिन्यावर त्यांचा भलामोठा फोटो आहे, तोंड मिटलेला. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर परिच्छेद आहे, न गाण्याबद्दलचा. नंतर त्या कितीतरी भूमिका गायल्या, पण कुठेही गेल्या तरी लोक म्हणायचे, अहो, त्याच ना तुम्ही, त्या मौनाच्या? आता पंच्याऐंशीव्या वर्षी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात त्यांच्याकडे उरलं होतं ते तेवढंच नाव. शुक्रवारी खरं बोललं, तर गाणं जगेल आणि गुड्रूनबाईंचं धाडस म्हणजे प्रॉम्प्टरची चूक ठरेल. खोटं बोललं, तर गाणं त्या पट्टीखाली कायमचं गेलं. रोझविता दर गुरुवारी केक घेऊन त्यांच्याकडे जायची, आज तेवीस वर्षं. हवा, गुडघे, नव्या गायिकांची उच्चारांची बोंब, सगळ्यावर बोलणं व्हायचं. त्या संध्याकाळवर नाही.

हा गुरुवार मात्र टळणार नव्हता.

“उशीर केलास,” गुड्रूनबाई खिडकीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या. “आज कसला आणलायस? आलुबुखाराचा? गेल्या खेपेचा दगड होता नुसता. माझे उरलेले दात मला हवेत.”

“आजचा मऊ आहे. आणि उरलेत किती ते मला सांगू नका.”

रोझविताने कॉफी ओतली. दोन कप भरले, तिसरा चुकून भरला. गुड्रूनबाईंनी तिसऱ्या कपाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“बोल. कोण मेलं?”

“कुणी नाही. ‘एप्रिल’ पुन्हा लागतंय.”

“ठाऊक आहे. ती आखूड केसांची मुलगी येऊन गेली. सहा मिनिटं गप्प बसणार म्हणे. मी म्हटलं, माझ्या वयाला ये, आपोआप जमेल.”

“त्यांना गाणं सापडलंय.”

गुड्रूनबाईंचा काटा केकमध्येच थांबला. रोझविताने मग दम घेतला नाही. एक्कावन्न वर्षं पोटात ठेवलेलं तिने चार वाक्यांत सांगून टाकलं: ओरडणारा माणूस तिचा बाप होता, ती रडत होती, शब्द तिनेच दिला नाही, आणि तुमचं गाणं माझ्यामुळे गेलं, गुड्रूनबाई. तिला वाटत होतं, आता म्हातारी दार दाखवेल.

“संपलं?” गुड्रूनबाई म्हणाल्या. “आता तो काटा घे आणि खा. आणि ऐक. मला शब्द पाठ होते.”

“काय?”

“अगं, ‘झोप’ हा शब्द कोण विसरतं? अंगाई आहे ती. पेटीकडे बघायचं ते आपल्या सवयीने, चर्चमध्ये गेलं की मान खाली जाते तसं. बघितलं तर तू. एवढीशी पोर, तोंडावर हात, गालांवरून धारा. माझ्या मांडीवर मुलाच्या जागी तो बाहुला, कापसाचा, आणि समोर जितंजागतं लेकरू रडतंय. मला कळेना, मी गाऊ कुणासाठी? तुझ्याकडे बघत राहिले. गायचंय हेच विसरले. भानावर आले तोवर पडदा.”

रोझविताने काटा खाली ठेवला.

“मग आत झायबोल्ट धावत आला. लालबुंद. ‘कोण चुकलं? पेटी चुकली ना? उद्या काढतो तिला.’ तुझा पहिला हंगाम. काढलं असतं तर दुसऱ्या कुठल्या नाट्यगृहाने तुला दारात उभं केलं नसतं. मी म्हटलं, ‘कुणी चुकलं नाही. मी ठरवलं. मुलगा मेल्यावर आई गात नाही.’ फेकलं आपलं तोंडाला येईल ते! मला वाटलं, शिव्या देईल आणि दुसऱ्या प्रयोगाला मी गाईन. तर तो गाढव माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. ‘गुड्रून, तू माझं काम माझ्यापेक्षा जास्त समजलीस!’ दुसऱ्या दिवशी गाणं गेलं. आता काय सांगू त्याला, बाबा, मी खोटं बोलले? मग पुन्हा पेटीवर आलं असतं.”

“म्हणजे तुम्ही माझ्यासाठी...”

“फार मोठं करू नकोस. मला काय ठाऊक, ते पन्नास वर्षं पुरेल? पन्नास वर्षं लोक माझ्या न गाण्याची वाहवा करतायत. गायिकेला याहून मोठी शिवी नसेल!” त्या हसायला गेल्या आणि खोकला आला. रोझविताने पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. हात तिथेच राहिला.

“तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुझ्या बापाचंही सांगावं लागलं असतं. ते माझं नव्हतं सांगायला.” गुड्रूनबाईंनी काट्याने केकचा तुकडा मोडला. “आठवड्याने माझ्या दाराशी आले होते ते. टोपी हातात. म्हणाले, ‘मी ओरडलो होतो. पेटीतली माझी मुलगी. तिची नोकरी गेली का?’ मी म्हटलं, नाही, नीट आहे. तरी जाईनात. मग विचारलं, ‘त्या आईने शेवटी काय गायचं होतं?’”

“आणि?”

“आणि काय. म्हणून दाखवलं. तिथेच, जिन्यात, हळू. शेजारच्या बाईने दार उघडून बघितलंसुद्धा. त्यांनी टोपी तोंडावर धरली. झाल्यावर म्हणाले, ‘झाड लिंडनचं नव्हतं. अक्रोडाचं होतं.’ तेवढंच. आणि उतरून गेले.”

रोझविताच्या हातून कप बशीवर आपटला. बापाच्या हयातीत घरात अक्रोड कधी आला नव्हता. नाताळात सगळ्यांच्या घरी सुक्या मेव्याचं ताट असायचं. त्यांच्या ताटात हेझलनट असत, बदाम असत. आई म्हणायची, बाबांना अक्रोड सोसत नाही. पोरीने ते पोटाचं दुखणं समजून सोडून दिलं होतं. तो तिथे होता. दोर धरायला, शिडी धरायला, की नुसता बघत, हे आता कुणी सांगणार नव्हतं, आणि ती आता कुणाला विचारणारही नव्हती. तिला भीती वाटली, किळस आली, आणि त्याच वेळी मागच्या दाराशी सायकल धरून उभा असलेला तो माणूस आठवून तिचा जीव कासावीस झाला. ती गुड्रूनबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हमसून हमसून. गुड्रूनबाईंनी तिला थोपटलं, गप्प हो म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने रोझविताने नाक पुसलं. “उद्या काय सांगू त्यांना?”

“चूक होती म्हणून सांग. गाऊ दे त्या नव्या मुलीला. कुणाची चूक विचारलं तर पेटीतलं पेटीत.”

“तुमचा फोटो उतरवतील जिन्यावरचा.”

“उतरवू देत. तोंड मिटून मी टपालखात्यातली दिसते.” मग त्यांनी केकची बशी बाजूला सारली, शालीची गाठ सोडली आणि खुर्चीत ताठ झाल्या. “पण आधी मी. ती नंतर.”

“इथे?”

“मग काय, सभागृह बुक करू? चल, बस समोर. खाली बस, त्या पावठ्यावर. पेटी वर असते का कधी? आणि शब्द दे मला. नीट दे, आधी दे.”

रोझविता पाय ठेवायच्या बुटक्या स्टुलावर बसली. गुडघे कुरकुरले. वर गुड्रूनबाईंचा चेहरा होता, खिडकीच्या उजेडात, सुरकुतलेला आणि एकदम कामाला लागलेला. त्यांनी श्वास घेतला. त्याच्या निमिषभर आधी रोझविताचे ओठ हलले, “झोप.”

“झोप,” गुड्रूनबाई गायल्या, “दार लावलंय मी.”

आवाज राहिला नव्हता. वरचे सूर गळ्यात अडकत होते, खालचे नुसते वाऱ्याचे येत होते. पण सूर जागच्या जागी होता. रोझविताने दुसरा शब्द दिला, “बूट.” गुड्रूनबाईंनी ती ओळही घेतली, तालात, कुठेही घाई न करता. दार उघडून कामावरची परिचारिका कप न्यायला आली होती. ती तिथेच चौकटीला टेकून थांबली.

तिसऱ्या ओळीचा शब्द रोझविताला देता आला नाही. तिने तोंड उघडलं, पण हुंदका आला आणि तिने पुन्हा तोंडावर हात दाबला, तेविसाव्या वर्षी दाबला होता तसाच. गुड्रूनबाई तिच्याकडे बघत होत्या. या वेळी त्या थांबल्या नाहीत. तिचा ओला हात त्यांनी तोंडावरून काढून आपल्या हातात धरला, आणि तिच्याकडे बघत बघत अंगाई शेवटपर्यंत गायली.